अंगठ्यानं गिरवलेलं

मुळात ही केस श्रावस्तीची नव्हतीच. ती होती तिच्या सहकारी प्रणिताची. पण ऐन डिसेंबरात प्रणिता तापानं फणफणली, आणि धुक्यात बुडालेल्या दिल्ली विमानतळावर 'प्रेमला सखाराम, मॉरिशस' असा बोर्ड छातीशी धरून उभं राहायची पाळी श्रावस्तीवर आली.

गुरुग्रामच्या एका मोठ्या हॉस्पिटलात ती परदेशी पेशंटांची दुभाषी होती. युनिव्हर्सिटीजवळ, मुनिरक्याच्या अंधाऱ्या खोलीत राहून तिनं फ्रेंचची पदवी घेतली, तेव्हा डोळ्यांपुढे पॅरिस होतं. वाट्याला आले लोकांचे गुडघे आणि खुबे. तरी काम तिला आवडायचं. पेशंटला विमानतळावरून आणायचं, डॉक्टरांसमोर त्याचं बोलणं जसंच्या तसं पोचवायचं, आणि बरा झाला की पुन्हा विमानतळावर सोडून यायचं. त्या सोडण्याची तिची एक रीत होती. काचेच्या दारापाशी हात हलवायचा, आणि ते वळायच्या आत आपण वळायचं. म्हणजे मागे राहिल्यासारखं वाटत नाही.

व्हीलचेअर आली. तीत गोल चेहऱ्याच्या, ठसठशीत कुंकू लावलेल्या एक बाई बसल्या होत्या. मागून एक उंच, सावळा तरुण चालत होता — अर्ध्या बाह्यांच्या सुती शर्टात! दिल्लीच्या डिसेंबरात!

"बोंज्यूर, मादाम," म्हणत श्रावस्तीनं अस्खलित फ्रेंचमध्ये स्वागताचं भाषण ठोकलं. बाईंनी सगळं हसून ऐकून घेतलं आणि मान मागे वळवून मुलाला म्हणाल्या,

"पोरगी गोड आहे रे. पण हिला विचार, जेवायला काय मिळेल. विमानात नुसता पाव दिला मेल्यांनी."

श्रावस्तीच्या हातून बोर्ड पडायचाच राहिला.

"पिठलं-भात चालेल?" तिनं विचारलं.

बाईंनी झटकन मान पुढे वळवली. मग तो तरुण पुढे आला. त्याचे दात थंडीनं वाजत होते, तरी वाक्य मात्र इस्त्री करून आणल्यासारखं होतं.

"आपण मराठी आहात? मला फार आनंद झाला आहे."

"मलाही. पण आनंद नंतर करू... आधी हा मफलर घ्या. बिल्कुल गारठून जाल, यार."

आईनं विणलेला मरून रंगाचा मफलर तिनं गळ्यातून काढून त्याच्या हातात दिला. हात हाताला लागला. त्याचा बर्फासारखा गार होता... आणि तरी श्रावस्तीलाच ऊब आल्यासारखं वाटलं.

त्याचं नाव हितेश. आडनाव सखाराम. ते खरं तर आडनाव नव्हतंच. बोटीत बसून मॉरिशसला ऊस तोडायला गेलेल्या कुणा खापरपणजोबांचं ते नाव. गोऱ्या कारकुनानं तेच कागदावर चढवलं आणि पिढ्यान्‌पिढ्या चिकटलं. हितेश तिथं प्राथमिक शाळेत मराठी शिकवायचा. आई जुनी घरगुती मराठी बोलायची, पण तो उत्तरं क्रिओलमध्ये द्यायचा; मराठी शिकला ती शाळेत. म्हणून त्याचं बोलणं थेट पाठ्यपुस्तकातून उठून आलेलं. महाराष्ट्र त्यानं पाहिला नव्हता. आणि श्रावस्ती? ती मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये वाढलेली, अर्धी मराठी, अर्धी हिंदी बोलणारी. पहिल्याच दिवशी ती "आंटींचा टखना" म्हणाली, तेव्हा त्यानं हळूच सांगितलं,

"घोटा. मराठीत त्याला घोटा म्हणतात."

"अच्छा? मॉरिशसहून येऊन मला मराठी शिकवणार?"

"आपली परवानगी असेल तर."

त्याचे डोळे हसत होते. श्रावस्तीनं घाईघाईनं फाईल उघडली आणि बराच वेळ ती उलटी धरली.

प्रेमलाबाईंचा तो घोटा काही वर्षांपूर्वी गणपतीत मोडला होता. कोकणातून गेलेल्या लोकांनी तिथं झाकरी जपलीय. गोल धरून, पाय आपटत, गाणी म्हणत नाचायचं. प्रेमलाबाई त्यांच्या मंडळाच्या म्होरक्या. नाचता नाचता स्टेजवरून पडल्या, हाड वाकडं जुळलं, आणि सांधा झिजत झिजत पार संपला. तिकडचे डॉक्टर म्हणाले, सांधा जखडून टाकू. दुखणार नाही, पण हलणारही नाही. बाई म्हणाल्या, "न हलणारा पाय घेऊन मी देवापुढे काय उभी राहू, खांबासारखी?" मग समुद्र ओलांडून, नवा सांधा बसवून घ्यायला त्या इथं आल्या.

ऑपरेशन छान झालं. हॉस्पिटलजवळच्या एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये मायलेक राहायला गेले. प्लास्टर निघालं, आणि राघव नावाचा फिजिओथेरपिस्ट रोज यायला लागला. त्यानं व्यायाम सांगितला — पाय उचलायचा आणि अंगठ्यानं हवेत ए-बी-सी-डी लिहायची. सांधा सगळीकडून फिरतो.

"एबीसीडी कशाला?" प्रेमलाबाई ठसक्यात म्हणाल्या. "माझा मुलगा मराठीचा मास्तर आहे."

आणि त्यांनी अंगठ्यानं 'अ' गिरवला.

मग तो रोजचा खेळच झाला. हितेश आईच्या उशाशी बसायचा, त्याला अक्षरं सुलटी दिसायची. श्रावस्ती पायथ्याशी बसायची, तिला सगळी उलटी. जो आधी ओळखेल तो जिंकला. सुरुवातीला ती सारखी हरायची. पण हळूहळू तिला उलटं वाचायची अशी सवय झाली, की 'क' पुरा व्हायच्या आत ती ओरडायची. राघव आपला डोक्याला हात लावून बसलेला असायचा.

"मैडम, ये वाला कौन-सा लेटर है?" एकदा त्यानं विचारलं. "बढ़िया है, टखना दोनों तरफ़ घूम रहा है।"

"ये 'ळ' है," हितेश अभिमानानं म्हणाला. मग श्रावस्तीकडे वळला. "आपण दिल्लीकर 'ळ' विसरलात, खरे ना?"

"विसरले नाही. वापरत नाही, बस्स."

"मग म्हणा — सकाळ."

"सकाळ."

"संध्याकाळ."

"संध्याकाळ... आता काय दुपारही म्हणायला लावणार?"

"दुपारमध्ये 'ळ' नाही. पण आपण म्हणणार असाल तर मी ऐकेन."

प्रेमलाबाईंनी पाय खाली ठेवला आणि दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. तोंडाला पदर लावून खोकल्या फक्त.

श्रावस्तीची ड्यूटी खरं म्हणजे आठवड्यातून दोनदा यायची होती. ती रोज यायला लागली. मयूर विहारहून मेट्रोची पिंक लाइन, मग आयएनएला यलो लाइन, मग रिक्षा. एवढी यातायात करूनही पोचताना चेहरा टवटवीत. संध्याकाळी हितेश तिला मेट्रोपर्यंत सोडायला यायचा. वाटेत कोपऱ्यावर शेगडीत भाजलेली रताळी मिळायची, चाट मसाला आणि लिंबू पिळून. पानाचा द्रोण एकच घ्यायचे दोघं.

"हे धुके रोज असते?" त्यानं एकदा विचारलं. समोरचा दिवासुद्धा दिसत नव्हता.

"जानेवारीत रोज. फ्लाइट्स लेट होतात, कॅन्सल होतात... कुणी कुठं जाऊच शकत नाही."

"छान," तो म्हणाला. मग आपण काय बोललो ते कळून त्यानं घाईनं रताळ्याचा गरम तुकडा तोंडात टाकला आणि जीभ भाजून घेतली.

श्रावस्ती हसली, पण त्या रात्री मेट्रोत तिला हसू येईना. पाय बरा होत होता. काठी सुटत चालली होती. ज्या दिवशी घोटा पुरता बरा होईल, त्या दिवशी तो जाईल, इतकं हे सरळ होतं. सकाळी पोचली की ती आधी राघवजवळ चौकशी करायची, 'आज किती हलला?' आणि तो 'बहुत बढ़िया' म्हणाला की हिचा चेहरा उतरायचा. आपल्याच पेशंटनं जरा हळू बरं व्हावं असं वाटणं — शी! तिला स्वतःचीच लाज वाटायची. पण वाटायचं, हे खरं.

एका रविवारी तिनं दोघांना घरी जेवायला बोलावलं. तिचे बाबा, काशीनाथ मेश्राम, केंद्रीय मंत्रालयातून रिटायर झालेले, भंडाऱ्याचे. पाहुणे आले की ते जरा ताठच बसायचे. दिल्लीतल्या मराठी मंडळींच्या कार्यक्रमांत नाव-गाव विचारता विचारता लोक कुठं पोचतात, हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. श्रावस्तीनंही पाहिलं होतं. कॉलेजात असताना अशाच एका कार्यक्रमात भेटलेला एक मुलगा तिचं आडनाव कळल्यावर एकाएकी 'बिझी' होत गेला होता. तेव्हापासून तिनं ठरवलं होतं, पहिलं पाऊल आपण टाकायचं नाही.

प्रेमलाबाई काठी टेकत आत आल्या. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि शेजारी बाबासाहेबांचा फोटो. त्यांनी दोन्हींना हात जोडले.

"हे कोण हो?" त्यांनी फोटोकडे बघून विचारलं.

काशीनाथ उठून उभे राहिले. "यांच्यामुळे आम्ही शिकलो."

"मग यांना नमस्कार केलाच पाहिजे," म्हणून त्यांनी पुन्हा हात जोडले आणि विचारलं, "वांग्याचा वास येतोय का? भरलेली?"

जेवताना काशीनाथच न राहवून म्हणाले, "आम्ही कोण, कुठले, तुम्ही काहीच विचारलं नाहीत."

"काय विचारायचं? आमचंच आम्हाला ठाऊक नाही. बोटीच्या कागदावर रत्नागिरी लिहिलंय, तेवढंच. तुम्ही जेवायला बोलावलंत, आम्ही आलो."

काशीनाथ मोकळेपणानं हसले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं पाहुण्यांना भात वाढला. बाबांना असं हसताना बघून श्रावस्तीच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"गणपतीला सगळे या आमच्याकडे," प्रेमलाबाई म्हणाल्या. "झाकरी बघायला. श्रावस्ती, तू तर येच."

श्रावस्तीनं हितेशकडे पाहिलं. एक शब्द. त्यानं एकदा नुसतं 'या' म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण तो मान खाली घालून भाताचे ढीग करत बसला.

श्रावस्ती दोघांना सोडायला आली, तेव्हा मेट्रोच्या जिन्यापाशी हितेश थांबला. आई लिफ्टनं वर गेली होती.

"असे आमंत्रण आपल्याला सगळेच पेशंट देत असतील."

"देतात ना. ताश्कंद, नैरोबी, कुठली कुठली."

"आणि आपण गेलात कधी?"

"कधीच नाही," श्रावस्ती म्हणाली. खरं तेच बोलली बिचारी! पण 'तुम्ही बोलावलंत तर...' हे पुढचं वाक्य ओठांपर्यंत येऊन तिथंच अडकलं. हितेशनं समजल्यासारखी मान हलवली आणि मफलर गळ्याभोवती घट्ट ओढून घेतला.

शेवटच्या तपासणीच्या दिवशी श्रावस्ती सकाळीच फ्लॅटवर पोचली. दार नुसतं लोटलेलं होतं. हितेश दूध आणायला खाली गेला होता. स्वयंपाकघरातून गुणगुणणं ऐकू येत होतं, म्हणून ती डोकावली... गॅसवर चहा उकळत होता, काठी कोपऱ्यात उभी होती आणि प्रेमलाबाई ओट्याला जेमतेम एक बोट लावून झाकरीची पावलं टाकत होत्या. हळूच, पण ठेक्यात! नवा घोटा कसा लोण्यासारखा वळत होता. श्रावस्ती दिसताच त्या दचकल्या. मग तोंडावर बोट ठेवून म्हणाल्या, "हितेशला सांगू नकोस."

का, ते श्रावस्तीला दोन तासांनी डॉक्टरांच्या खोलीत कळलं.

तिथं एक नियम होता. नातेवाइकांनी भाषांतर करायचं नाही; कितीही इंग्रजी येत असलं तरी. नातेवाईक प्रेमापोटी काहीबाही गाळतात, काहीबाही घालतात. दुभाष्यानं पेशंटचा शब्द न शब्द पोचवायचा. आपल्या नोकरीत श्रावस्तीनं हा नियम एकदाही मोडला नव्हता.

"एक्स-रे उत्तम आहे," डॉक्टर इंग्रजीत म्हणाले. "दुखतं का, विचारा."

तिनं विचारलं. प्रेमलाबाईंनी चेहरा पाडला.

"दुखतंय गं. फार दुखतंय. अजून महिनाभर राहिलं तर बरं." आणि हे म्हणताना त्यांची नजर आधी मुलाकडे गेली, मग श्रावस्तीकडे.

महिनाभर! तिनं शब्द न शब्द पोचवला.

डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. "असं असेल तर पुन्हा प्लास्टर. महिनाभर घोटा अजिबात हलवायचा नाही. आत्ता आलेली हालचाल कदाचित पूर्ण परत मिळणार नाही, तेही सांगा."

तिनं तेही सांगितलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. प्रेमलाबाईंनी आपल्या पायाकडे एकदा बघून घेतलं.

"घालू दे प्लास्टर," त्या म्हणाल्या. "एवढं दुखतंय म्हटल्यावर..."

त्या माउलीनं लेकासाठी आपली झाकरी पणाला लावली होती. आता श्रावस्तीनं तेवढं वाक्य पलीकडे पोचवायचं होतं, की हितेश महिनाभर तिचा. तेच तिचं काम होतं, नियमही तोच सांगत होता. ते खोटं काही तिचं नसणार होतं! डोळ्यांपुढे ओट्यापाशी नाचणारी पावलं आली.

"डॉक्टर," ती इंग्रजीत म्हणाली, "त्या म्हणतात, दुखत नाही. त्या अगदी बऱ्या आहेत."

हितेश खुर्चीतून अर्धा उठला. "पण आई म्हणाली —"

"नाही, नाही, बरंय माझं," प्रेमलाबाई गडबडीनं म्हणाल्या आणि त्यांनी पदरानं डोळे टिपले. डॉक्टरांनी घोटा एकदा फिरवून पाहिला आणि प्रवासाची परवानगी देऊन टाकली.

बाहेर कॉरिडॉरमध्ये हितेशनं तिला गाठलं. चिडला की त्याची मराठी आणखीच शुद्ध व्हायची.

"माझी आई वेदनेत आहे आणि आपण तिचे शब्द बदललेत. का? आम्ही लवकर जावे, म्हणून?"

श्रावस्ती काय सांगणार? तुमची आई खोटं बोलली? का बोलली, असं त्यानं विचारलं असतं तर?

"त्या ठीक आहेत. विश्वास ठेवा."

"आईही आपल्याला घाबरून गप्प बसली," तो म्हणाला, आणि निघून गेला.

त्यानंतर रताळी नाहीत, अक्षरं नाहीत, काही नाही. श्रावस्ती तिकिटांची कामं फोनवर उरकत होती आणि रोज सकाळी खिडकी उघडून धुकं बघत होती. असू दे, एवढा एक दिवस असू दे, म्हणत होती. पण निघायच्या दिवशी आभाळ असं लख्ख उघडलं, की दिल्लीचे लोक गच्चीत गाद्या वाळवायला धावले.

विमानतळावर प्रेमलाबाईंनी तिला कुशीत घेतलं. बराच वेळ सोडलंच नाही. "माझी चूक झाली, पोरी," त्या कानात पुटपुटल्या.

हितेश गळ्यातला मफलर काढायला लागला.

"राहू द्या," ती म्हणाली. "विमानात थंडी वाजते."

"आभारी आहे." त्यानं मफलर पुन्हा गुंडाळला. "जातो."

मराठी घरात निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही. आणि तो तर मराठीचा मास्तर होता.

काचेचं दार सरकलं. तिकिटं दाखवून दोघं आत गेले. तिला बाहेरच थांबावं लागलं. आता हात हलवायचा आणि वळायचं. तिनं हात हलवला. पण पाय वळेनात! पहिल्यांदाच ती मागे राहिली होती आणि तिला ते पुरेपूर वाटत होतं. जाऊ नकोस रे, ती मनात म्हणत होती. निदान एकदा मागे बघ.

आत प्रेमलाबाईंनी मुलाचा हात दाबून व्हीलचेअर थांबवली. त्याला काहीतरी म्हणाल्या. तो समजून न समजल्यासारखा बघत राहिला. मग त्या उठल्या. काठी त्यांनी खुर्चीतच ठेवली, पदर खोचला आणि त्या गर्दीत, ट्रॉल्यांच्या मधोमध, झाकरीची पावलं टाकली. एक इकडे, एक तिकडे, आणि एक छोटीशी गिरकी. मग काचेबाहेरच्या श्रावस्तीकडे बोट दाखवलं.

हितेश आईच्या पायाकडे बघत राहिला. मग हळूहळू त्याची मान वर आली, आणि त्यानं काचेपलीकडून श्रावस्तीकडे पाहिलं.

तो धावत काचेपाशी आला. काहीतरी बोलला. जाड काच, एक अक्षर ऐकू येईना. तिनं मान हलवली. त्यानं केसांतून हात फिरवला, इकडेतिकडे पाहिलं. आणि मग एका पायावर उभा राहून त्यानं दुसरा पाय उचलला, बुटासकट. तोल जात होता. एक हात काचेला टेकून त्यानं बुटाच्या टोकानं हवेत गिरवायला सुरुवात केली.

उलटी अक्षरं वाचण्यात श्रावस्तीचा हात धरणारं आता कुणी नव्हतं. वळसा, दांडी, वर एक मात्रा...

'ये.'

इतके दिवस 'आपण-आपण' करणारा तो माणूस! तिच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहायला लागलं आणि त्याच वेळी तिला खदखदून हसूही आलं. तिनं चप्पल काढली. हितेशला उलटं वाचायची सवय नव्हती, म्हणून उलटं गिरवायचं तिनंच ठरवलं. थंडगार हवेत, एका पायावर डुगडुगत, अंगठ्यानं तिनं सावकाश लिहिलं —

'येते.'

आत प्रेमलाबाईंनी आधी वाचलं, आणि टाळ्या वाजवल्या. हितेशनं कपाळ काचेला टेकवून डोळे मिटून घेतले.

दारावरचा जवान मघापासून श्रावस्तीच्या पायाकडे काळजीनं बघत होता. शेवटी तो जवळ आला.

"मैडम, पैर में कुछ तकलीफ़ है? व्हीलचेयर मँगवा दूँ?"

"नहीं भैया," श्रावस्ती डोळे पुसत म्हणाली, "पैर तो बिल्कुल ठीक है।" आणि चप्पल न घालताच ती काचेला हात लावून उभी राहिली, मरून मफलर गर्दीत दिसेनासा होईपर्यंत.